सायकलचा काच

कुटुंब मोठे असले म्हणजे घरातील दुखण्यांचेही दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील दुखणी पानावर बसूनही सांगता येतात. गुडघेदुखी, पित्त, अर्धशिशी, मधुमेह ही त्या वर्गातील. त्यांची विचारपूस पाहुणेसुद्धा करतात आणि प्रत्येकाजवळ एक तरी अनुभवसिद्ध औषध तयार असते. दुसऱ्या वर्गातील दुखण्यांना मात्र घरात जागा नसते. ती शरीराच्या अशा भागाला होतात की, त्यांचे नाव घेणेच अप्रशस्त वाटते. म्हणून ती कोणाला होतच नाहीत, असे सर्वांनी मिळून न बोलता ठरविलेले असते. आज मी लिहिणार आहे ते या दुसऱ्या वर्गातील एका दुखण्याविषयी. ते दुखणे जीवघेणे नाही आणि असाध्य तर मुळीच नाही. तथापि आमच्या घरातील दोन स्त्रियांच्या सायकली त्याने साठ वर्षांहून अधिक अंतराने हिरावून घेतल्या. त्यांपैकी एक परत मिळाली. ती कशी मिळाली हे सांगावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

आमचे बिऱ्हाड गोरेगाव पूर्वेस आहे. एकाच मजल्यावरील दोन जागा जोडून घेऊन त्यांत आम्ही नऊ माणसे राहतो. सासूबाई, थोरले दीर व जाऊबाई, आम्ही उभयता आणि दोन्ही घरची मिळून चार मुले. दोन वर्षांपूर्वी, माझ्या वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, रक्तातील साखर धोक्याच्या रेषेवर येऊन ठेपल्याचे कळले. चालण्याचा व्यायाम करावा, असा सल्ला मिळाला. परंतु माझ्या टाचांनी त्यास साफ नकार दिला. तेव्हा धाकटा पुतण्या सहज म्हणाला, "काकू, माझी जुनी सायकल नुसती जिन्याखाली पडली आहे. तू का चालवत नाहीस?" माहेरी साताऱ्यास मी शाळेत सायकलनेच जात असे. तीस वर्षांच्या खंडानंतर तोल सांभाळेल की नाही, ही धास्ती होती. पण पोहणे आणि सायकल ही अंगाने एकदा शिकलेली विद्या अंग विसरत नाही, हेच खरे.

गोरेगावकरांचे भाग्य असे की, पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडला म्हणजे मुंबई संपल्यासारखी वाटते. पंडित नेहरूंच्या हस्ते १९५१ साली जिचे उद्घाटन झाले ती आरे दूधवसाहत तेथे सुरू होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांस दाट झाडी, अधूनमधून म्हशींचे गोठे, ओल्या गवताचा व शेणाचा संमिश्र वास, आणि पवईकडे जाणारा चढउतारांचा रस्ता. त्या रानात बिबट्याचा वावर असल्यामुळे चांगले उजाडल्याखेरीज मी निघत नसे. पवईपर्यंत जाऊन परतले की सुमारे पंधरा किलोमीटर होत. घरी येऊन चहाचे आधण ठेवताना मनाला जी हुशारी वाटे, ती मला कित्येक वर्षांत वाटली नव्हती. दिवसातील तेवढाच एक तास असा होता की, त्यात मी कोणाची काकू, सून किंवा आई नव्हते. तीन महिन्यांनी साखरही उतरली. असो.

जून लागला आणि दुखण्याने डोके वर काढले. आपल्या भाषेत 'काच' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. दोरी काचते, नवी बांगडी काचते, कमरेला नाडी काचते; आणि सासरच्या जाचालाही आपण काचच म्हणतो. एकच जागा पुनःपुन्हा, थोडी थोडी घासली जाते आणि तक्रार करण्याजोगे असे एका वेळी काहीच घडत नाही, हे दोहोंतील साम्य. माझ्या जांघेत आणि बैठकीच्या जागी प्रथम नुसती आग होऊ लागली. मग कातडी लाल होऊन सोलवटली. अंघोळीचे पाणी पडताच डोळ्यांत पाणी उभे राही. मला वाटले, हे आपल्या वयाचे, नाही तर वजनाचे फळ असावे. सवय झाली की जाईल. मी जाड सुती सलवार घालू लागले. तिची मधली शिवण दोरखंडासारखी होती, हे तेव्हा लक्षात आले नाही. एका दुकानदाराने बैठकीवर चढविण्याची मऊ लिबलिबीत टोपी दिली. तिने दोन दिवस सुख दिले आणि तिसऱ्या दिवसापासून दुखणे दुप्पट केले. वरून मी टाल्कची पूड लावू लागले. घामाने तिचे गोळे होऊन ते वाळूसारखे घासू लागले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्या जागी केसतूड झाले. त्याचे चांगले लिंबाएवढे गळू झाले आणि अंगात ताप भरला. घरी मी सांगितले, "पाठीत उसण भरली आहे." यजमानांनी पाठीला लावावयाचे मलम आणून दिले, ते मी दोन दिवस इमानाने पाठीला लावले! आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाण्याचे धैर्य झाले नाही. भाजी आणावयास जाते म्हणून मी बाहेर पडले आणि रिक्षाने मालाडला एका स्त्री-डॉक्टरकडे गेले. रिक्षात बसले म्हणणे खरे नव्हे. दांडीला धरून अर्धी उभी राहिले.

बाईंनी गळू फोडून निचरा केला, औषध दिले, आणि दहा दिवस सायकलला हात लावावयाचा नाही अशी ताकीद दिली. मी म्हणाले, "आता जन्मात लावणार नाही." त्या हसल्या व म्हणाल्या, "का बरे? जोडा चावला म्हणून कोणी चालणे सोडते का? जोडा बदलायचा. तुमच्या सायकलची बैठक तुमच्या मापाची नाही, कपडे सायकलला योग्य नाहीत, आणि तुम्ही महिनाभर कोणाशी बोलला नाहीत. या तिन्ही गोष्टी सुधारण्यासारख्या आहेत."

घरी आले. त्या दिवशी दुपारी सासूबाई माझ्या खोलीत आल्या. त्यांचे वय ब्याऐंशी. बोलणे मोजके, पण दृष्टी अशी की, डब्यातील डाळ किती उरली ते झाकण न उघडता सांगतील. त्या दार लोटून घेऊन पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "उसण भरलेली बाई अशी एका अंगावर कलून बसत नाही. तुला सायकलची सीट लागली आहे."

मी काय उत्तर देणार! मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक आहे, कारण मला लागली होती."

सासूबाईंच्या सायकलची गोष्ट आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. त्या पुण्याच्या, नारायण पेठेतल्या. मुलगी मॅट्रिक झाली म्हणून १९६० साली वडिलांनी त्यांना लेडीज सायकल घेऊन दिली. मागच्या चाकाला पदर अडकू नये म्हणून जाळी होती. त्या वेळचे पुणे सायकलींचेच होते आणि सायकलवरून कॉलेजला जाणाऱ्या मुली हा तेथे टवाळीचा विषय राहिला नव्हता. पुढल्या वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेत आणि त्यापाठोपाठ खडकवासला ही धरणे फुटली. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि वाड्याच्या पडवीत ठेवलेली ती सायकल वाहून गेली. दोन वर्षांनी वडिलांनी पै पै साठवून दुसरी घेऊन देऊ केली, तेव्हा मुलगी म्हणाली, "नको. मी चालत जाईन." बापाची ओढाताण जाणणारी समजूतदार मुलगी म्हणून ही हकीकत आमच्याकडे पोरांना सांगितली जाते. मीही सांगितली आहे.

"ती गोष्ट खोटी आहे," सासूबाई म्हणाल्या. "पुराच्या आधी दोन महिन्यांपासून माझी कातडी सोलवटली होती. सीट कातड्याची, दगडासारखी कडक. वर पाचवारीच्या निऱ्या, आत परकराचा घोळ, आणि पावसाने सगळे ओले. मी वाड्यातून सायकलवर बसून निघत असे आणि कोपऱ्यावर वळले की खाली उतरून सायकल हातात धरून कॉलेजपर्यंत चालत जात असे. परततानाही कोपऱ्यापर्यंत चालत आणि मग सायकलवर. आईला सांगायची सोय नव्हती. सांगितले असते तर ती म्हणाली असती, 'बायकांनी सायकलवर बसूच नये, ते याचसाठी.' मग वडिलांचे मन मोडले असते. आणि पूर आला. माणसे गेली, घरे गेली, आमच्या वाड्यात छातीएवढा चिखल. आणि तो चिखल बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की, बरे झाले, सायकल गेली! त्या विचाराची मला अजून लाज वाटते. वडील मात्र मरेपर्यंत चारचौघांत माझे कौतुक करीत राहिले. ते कौतुक मला त्या सीटपेक्षाही जास्त लागत असे."

थोड्या वेळाने त्या उठल्या आणि दारापाशी जाऊन म्हणाल्या, "तू सोडू नकोस. आणि पोरीलाही नीट सांग."

पोरगी म्हणजे माझी पुतणी. एकोणीस वर्षांची. तिनेही गेल्या महिन्यापासून सायकल बंद केली होती आणि कारण विचारता "अभ्यास" असे सांगत होती.

दहा दिवसांची सक्तीची विश्रांती मी वाचनात आणि विचारपूस करण्यात घालविली. जे समजले ते पुढे अनुभवाच्या कसाला लावून पाहिले. ते येथे सांगते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, हा त्रास स्त्रीच्या नाजूकपणामुळे होत नाही. ताण, घासणे आणि ओल हे तिघे एकत्र आले की कोणाचीही कातडी सोलते. ओली झालेली त्वचा मऊ पडते आणि कोरडीपेक्षा अधिक घासली जाते. तिच्यात बारीक चीर पडली की, एरवी अंगावर निरुपद्रवीपणे वावरणारे जंतू केसांच्या मुळांत शिरतात व केसतूड होते. मुंबईची पावसाळी हवा ही तर या तिघांतील ओलीची हक्काची सखी. म्हणून माझे दुखणे एप्रिलात न होता जूनमध्ये झाले.

दुसरी गोष्ट बैठकीची. आपण बसतो ते दोन हाडांवर. कठीण पाटावर बसून किंचित मागेपुढे झाले की ती दोन्ही टोके स्पष्ट जाणवतात. शरीराचा भार त्यांनी पेलावा आणि मधल्या नाजूक भागावर तो येऊ नये, हे सायकलच्या बैठकीचे सारे रहस्य आहे. स्त्रियांचा कटिभाग सर्वसाधारणपणे अधिक रुंद, म्हणून ही दोन टोकेही बहुधा अधिक दूर असतात. पुरुषाच्या मापाच्या अरुंद बैठकीवर ती टोके बाहेर लोंबतात आणि सारा भार नको तेथे येतो. मी पुतण्याची सायकल चालवीत होते, यातच माझ्या दुखण्याचे निम्मे कारण होते. माप घेणे अगदी सोपे आहे. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवावा, पातळ कपड्यानिशी त्यावर बसावे, गुडघे थोडे वर घेऊन पुढे वाकावे आणि मग उठून पाहावे. दोन खळगे उमटलेले दिसतात. त्यांच्या मध्यांतील अंतर पट्टीने मोजावे. बैठकीचा मागील भाग त्याहून दोन-अडीच सेंटिमीटर तरी रुंद असावा. आम्ही तिघीजणींनी, म्हणजे मी, जाऊबाई व पुतणी यांनी, हा प्रयोग दार लावून केला आणि फार हसलो. तिघींची मापे तीन निघाली. आणि सर्वांत लठ्ठ ती सर्वांत रुंद, असेही आढळले नाही. माप हाडांचे असते, मांसाचे नव्हे.

मऊ बैठक सुखाची असते, हा समज मात्र सोडून द्यावा. बाजारात जाऊन येण्यापुरती ती ठीक. तासभर बसावयाचे असेल तर हाडे गादीत रुततात आणि मधला भाग फुगून वर येतो व नाजूक जागी रेटा देतो. दुकानदाराच्या त्या टोपीने मला हेच केले. बैठक टणक, योग्य रुंदीची, आणि शक्य तर मध्ये पोकळी ठेवलेली असावी. ही पोकळीची कल्पना काही आजची नव्हे. युरोप-अमेरिकेत १८९० नंतरच्या दशकात स्त्रिया मोठ्या संख्येने सायकलवर बसू लागल्या. तेव्हाच डॉक्टरांनी मोठा गहजब केला आणि कारखानदारांनी मध्ये खाच असलेल्या बैठका विकावयास काढल्या. पुढे त्या मागे पडल्या, आणि जवळजवळ शंभर वर्षांनी, १९९२ साली, जॉर्जेना टेरी या अमेरिकन बाईंनी स्त्रियांसाठी पोकळीची बैठक पुन्हा बाजारात आणली. मधली शंभर वर्षे स्त्रियांनी सोसले. कारण बैठका करणारे बहुतेक पुरुष होते आणि बसणाऱ्या बोलत नव्हत्या.

तिसरी गोष्ट उंचीची. बैठकीवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल सर्वांत खाली न्यावे. पाय तेव्हा सरळ व्हावा. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्याला अल्प वाक येतो. बैठक याहून उंच असेल तर पायडल गाठण्यासाठी कंबर दोन्हीकडे हेलकावते, आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी जांघ घासते. ती सपाट असावी. टोक वर उचललेले तर मुळीच नसावे. फार खाली झुकवली तर बसणारी पुढे घसरत राहते. हँडलही फार खाली वा दूर नसावे. अमेरिकेतील येल विद्यापीठात या विषयाचा अभ्यास झाला आहे. तेथे २००६ साली ४८ सायकलपटू स्त्रियांची २२ धावपटू स्त्रियांशी तुलना केली, तेव्हा सायकल चालविणाऱ्यांच्या नाजूक भागातील संवेदना उणावलेली आढळली. त्याच विद्यापीठातील २०१२ च्या अभ्यासात असे दिसले की, हँडल बैठकीपेक्षा खाली असले म्हणजे त्या भागावरील दाब वाढतो. सायकल चालविताना तेथे मुंग्या येऊ लागल्या किंवा बधिरपणा वाटला, तर तो सोसण्याचा विषय नसून सायकल सुधारण्याचा विषय आहे. माझ्या सायकलला उंच हँडल बसवून घेतले आणि पान्याने बैठक दोन बोटे खाली केली. तेवढ्यानेच अर्धा त्रास गेला.

चौथी गोष्ट वस्त्रांची. येथे जुन्या समजुती विसरावयास हव्यात. सुती कापड एरवी उत्तम, पण ते घाम शोषून धरते आणि ओलेच राहते. सायकलसाठी अंगालगत बसणारी, आत शिवणविरहित गादी असलेली अर्धी विजार मिळते. तीत स्त्रियांच्या बांध्याची निराळी असते. तिच्याखाली अंतर्वस्त्र घालावयाचे नसते, ही गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. कारण अंतर्वस्त्राची शिवण हीच तर काचते. संकोच वाटत असेल तर वरून सैल सलवार किंवा लांब कुडता घालावा; मी तेच करते. पूर्वी या गादीच्या जागी 'शॅमॉय' नावाच्या डोंगरी हरणासारख्या प्राण्याचे कातडे शिवीत आणि ते धुतल्यावर कडक होऊ नये म्हणून त्याला मलम चोळीत. कातडे गेले, पण मलमाची चाल राहिली, आणि ती उपयोगी आहे. निघण्यापूर्वी जांघेच्या घडीत व बैठकीच्या जागी ते बाहेरून पातळ लावावे. थंडावा देणारे पुदिन्याच्या अर्काचे मात्र घेऊ नये, स्त्रियांना ते झोंबते. मलम नसेल तर साधी पेट्रोलियम जेली चालते. टाल्कच्या पुडीस या भागापासून दूर ठेवावे. ती गोळे होऊन घासते हे एक; शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०२४ साली टाल्कची गणना बहुधा कर्करोगकारक अशा पदार्थांत केली आहे.

पाचवी गोष्ट वर्तनाची. दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभे राहून क्षणभर भार काढावा, म्हणजे रक्ताभिसरण मोकळे होते. अंतर हळूहळू वाढवावे. नवशिकीला पहिले दोन-तीन आठवडे हाडांच्या टोकांशी दुखते. ते नैसर्गिक आहे व आपोआप जाते. परंतु कातडीची आग, पुळी, गाठ ही सवयीने जाणारी दुखणी नव्हेत. घरी येताच घामट कपडे काढावे, धुऊन, टिपून कोरडे व्हावे आणि सैल सुती नेसावे. चहाचा कप हातात घेऊन तासभर गप्पा मारीत त्याच कपड्यांत बसणे हीच खरी रोगाची पेरणी. विजार रोज धुवावी व उन्हात वाळवावी. त्या जागचे केस वस्तऱ्याने काढू नयेत, कारण ते उलटे आत वाढून केसतुडास निमित्त होतात. मासिक पाळीत घडीच्या कडा काचतात. म्हणून ती वरचेवर बदलावी, आणि त्रास असेल तर दोन दिवस सायकल ठेवून द्यावी. पाळी गेल्यानंतरच्या वयात तेथील त्वचा कोरडी व पातळ होते. त्यावर उपचार आहेत, ते डॉक्टरांस विचारावे.

इतके करूनही पुळी आलीच तर ती दाबू नये. ऊन पाण्याच्या कपड्याने शेक द्यावा आणि सायकल बंद ठेवावी. ताप आला, लाली पसरू लागली, गाठ वाढली, की ताबडतोब डॉक्टर गाठावा. मधुमेह असलेल्यांनी तर एक दिवसही दवडू नये. खाज सुटून कडेने वाढणारे चट्टे आले तर तो नायटा असण्याचा संभव असतो. त्यावर औषधाच्या दुकानातून मनाने मलम आणून लावू नये. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज थांबते आणि नायटा मात्र फोफावतो.

हे सारे वाचून कोणास वाटेल की, इतका खटाटोप असेल तर सायकल नकोच! त्यांना मी आपल्याकडील दोन स्त्रियांची आठवण देते. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ साली, वयाच्या विशीत पाऊल टाकताना, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. पुण्याच्याच प्रीती म्हस्के यांनी दोन मुलांची आई असताना, पंचेचाळिशीत, २०२२ साली लेह ते मनाली हे सुमारे ४३० किलोमीटरचे पहाडी अंतर ५५ तास १३ मिनिटांत तोडले. बाईच्या शरीराला बैठक सोसतच नसती, तर हे घडले नसते. सोसत नाही ती चुकीची बैठक आणि तिच्याविषयीचे मौन.

आणखी एका वर्गाचा विचार मनातून जात नाही. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून खेड्यापाड्यांतील मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. त्या मुलींना गादीची विजार कोठून मिळणार? पण बैठकीची उंची जुळवून देण्यास एक पाना पुरतो. सलवारीची जाड मधली शिवण उसवून सपाट शिवण्यास आईचे दहा मिनिटे श्रम पुरतात. कोरडा, उन्हात वाळलेला कपडा आणि जेलीची लहानशी डबी यांस फार पैसे पडत नाहीत. मुलीला सायकल देताना हे चार शब्दही कोणी बाईने तिला एकीकडे घेऊन सांगितले पाहिजेत. नाही तर तीही एके दिवशी कोपऱ्यावरून उतरून चालू लागेल, आणि आपण म्हणू, मुलगी समजूतदार आहे.

मी पुतणीला सांगितले. माझी सारी हकीकत, गळवापासून उसणीच्या थापेपर्यंत, सांगितली. ती आधी लाजली, मग हसली, आणि मग एकदम म्हणाली, "म्हणजे हे सगळ्यांना होते? मला वाटले, माझ्यातच काही दोष आहे." सासूबाईंनाही अठराव्या वर्षी हेच वाटले असणार, आणि सेहेचाळीस वर्षांची होऊन मलाही याहून शहाणपणाचे काही सुचले नव्हते. तिची बैठक बदलली. ऑगस्टच्या शेवटी आम्ही दोघी पुन्हा आरेच्या रस्त्यास लागलो. गेल्या वर्षभरात दोघींनाही पुन्हा तो त्रास झालेला नाही.

एक लहानशी गोष्ट सांगून पुरे करते. सायकलच्या विजारी मी प्रथम प्रथम मोठ्या टॉवेलाखाली झाकून, न्हाणीघरातील दोरीवर वाळत घालीत असे. एके दिवशी पाहते तो दोन्ही विजारी पुढल्या गॅलरीत, दिरांच्या सदऱ्यांच्या रांगेत, ऐन उन्हात उलट्या करून वाळत घातलेल्या. मी घाबरून काढावयास धावले. सासूबाई खुर्चीवर माळ ओढीत बसल्या होत्या. माळ न थांबविता त्या म्हणाल्या, "राहू दे. सावलीत वाळले की ओल राहते."